नरहरीच्या नावाचं तर्पण

ही गोष्ट माझ्या सहा कादंबऱ्यांपैकी एकीतही नाही. डायरीत नाही. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, माझ्या पोटातलं सगळं कळतं असा त्याचा चाळीस वर्षांचा समज आहे – त्यालाही ठाऊक नाही. मग तुम्हांलाच का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा ओळखता, वाचनालयातून माझी पुस्तकं नेता आणि मधलंच एखादं पान दुमडून परत करता, म्हणून. ज्यानं आपल्या पुस्तकाचं पान दुमडलं त्याच्याशी थोडी जवळीक होतेच की नाही?

आधी थोडी फुशारकी मारून घेते. कबुली द्यायला बसलेल्या बाईला ती शोभत नाही, पण सवय आहे. मी काशीची. दूधविनायकाच्या गल्लीत जन्मले, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि उरल्या वेळात मराठीतून रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. घरात मराठी, शाळेत हिंदी, भाजीवाल्याशी दोन्हींची खिचडी – अशा गावात मराठी रहस्यकादंबरी लिहिणारी मी एकटीच. त्यामुळे पहिला क्रमांक कायम माझा. माझा गुप्तहेर म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, तात्या. तो पाठलाग करत नाही, कारण त्याचे गुडघे दुखतात. घाटाच्या पायरीवर बसून पेरू खातो आणि विचार करतो. वाचकांना तो फार आवडतो. मला विचाराल तर तो थोडा आळशी आहे.

कथानकं कुठून सुचतात, असं लोक विचारतात. मी नम्रपणे आभाळाकडे बघते. खरं म्हणजे मी फक्त आमची अडगळीची खोली आवरते. पणजोबांच्या जन्मपत्रिका, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांच्या नावांच्या वह्या (अण्णा अजून ते उपाध्येपण करतो), आणि कुणीतरी कुणालातरी रागानं लिहिलेली, पण न पाठवलेली पत्रं. गायब झालेल्या बायका, हरवलेले दागिने, अचानक संन्यास घेतलेले काका – सगळं घरचंच. खून तेवढे मी घालते.

तर आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं रहस्य म्हणजे एकशे चाळीस रुमाल.

रुमाल म्हणजे खिशातले नव्हेत. जुन्या पोथ्या लाकडी फळ्यांमध्ये धरून लाल कापडात बांधून ठेवतात, त्या बासनाला आमच्यात रुमाल म्हणतात. आजोबा वैदिक. तळमजल्यावर त्यांची पाठशाळा, आणि तिथल्या फडताळात सात पिढ्यांनी जमवलेल्या पोथ्यांचे एकशे चाळीस रुमाल. स्वराज्य नुकतंच आलं होतं, आणि त्या पावसाळ्यात गंगाही आली – गल्लीत, मग ओट्यावर, मग उंबऱ्याच्या आत. आजोबा ग्वाल्हेरला गेलेले. घरच्या मंडळींना नावेतून वरच्या वस्तीत नेलं. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. नावेत जागा कमी पडली म्हणून मोठी माणसं यमुनाकाकूला म्हणाली, तू थांब, पुढच्या खेपेला नेतो. पुढची खेप तीन दिवसांनी झाली.

ही यमुनाकाकू म्हणजे आजोबांच्या चुलतभावाची बायको. तो ऐन तिशीत गेला, मागे ही आणि एक लहान मुलगी. आमच्याकडे राहायची, स्वयंपाक करायची. घरात जुनी रीत होती, त्यामुळे केस नाहीत आणि अंगावर लाल आलवण. मुलीला, मथूला, नावेत घेतलं होतं. मुलं हलकी असतात.

पाणी ओसरल्यावर मंडळी परतली. तळमजला छातीभर चिखलानं भरलेला. फडताळं आडवी. आणि गच्चीवरच्या खोलीत, कोरडे, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस रुमाल – फडताळात होते त्याच क्रमानं – रांगेत लावलेले.

कुणी नेले?

तीन दिवस त्या घरात एकच माणूस होतं. असं कोडं मी कादंबरीत घातलं असतं तर प्रकाशकानं मला घरी पाठवलं असतं. पण आमच्या घरात ते पन्नासाहून जास्त वर्षं सुटलं नाही. दोघा काकांनी आपण दोघांनी मागे पोहत येऊन काम केल्याचं सूचित केलं. त्यांना पोहता येत नव्हतं. मग सर्वानुमते ठरलं की साक्षात दूधविनायकानं ते वर नेले. यमुनाकाकूबद्दल म्हणत, बिचारी तीन दिवस गच्चीवर थरथरत बसली होती.

का ठरलं असं? तुम्हांला कळलंच असेल. तिनं हात लावला असं म्हटलं असतं, तर पोथ्या विटाळल्या असत्या. वेदाच्या पोथीला बाईचा हात, त्यातून विधवेचा, त्यातून पुराच्या पाण्यात भिजलेला. मग त्या गंगेतच सोडाव्या लागल्या असत्या. तिला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं. म्हणून ती बोलली नाही. पोथ्या तिनं दोनदा वाचवल्या – एकदा हातांनी आणि एकदा गप्प राहून.

हे मला कसं कळलं, विचारा ना!

मी शोधलं. इथं मला माझी पाठ थोपटू द्या, कारण काम खरंच झकास होतं. मी तेव्हा चाळिशीत पाऊल टाकलेलं. पहिल्याच कादंबरीचा विषय मी हाच घेतला होता आणि तीन वर्षं खपत होते. उन्हाळ्याच्या सुटीत अण्णाची परवानगी काढून एकेक रुमाल सोडायला लागले. पोथी वाचायला नाही. वाचता येते, पण अण्णाला उगाच कशाला ताप. मी कापडं बघत होते. आणि सात रुमालांचं कापड वेगळं निघालं. रंग तोच लाल, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. पण विणकर वेगळा, पोत जाड, आणि एका कडेला लुगड्याचा जुना काठ. मूळ सात कापडं भिजली असणार. तिच्याजवळ दुसरं काय होतं? अंगावरचं होतं.

सातव्या रुमालात, खालच्या फळीला चिकटून, आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी. चार बोटं कागद. त्यावर इतकंच –

‘पोथ्या यमुनेने वर नेल्या. सात रुमाल तिच्या वस्त्राचे आहेत. मी ओळखले. तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. रुमाल बदलू नयेत.’

मी त्या खोलीत एकटीच नाचले. खरंच नाचले. भूगोलाच्या बाईला शोभेल इतपत. अख्ख्या घराण्याला न सुटलेलं मी सोडवलं होतं! तात्याला पेरू खाऊनही जमलं नसतं ते!

आणि मग… इथं माझी लेखणी जरा अडखळते आहे, पण तुम्ही थांबा.

मग मी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि मला राग आला. कारण कादंबरीचे अकरा भाग लिहून झाले होते आणि त्यांत नरहरी होता. नरहरी सांगवीकर. आमच्याच आडनावाचा, कोकणातून शिकायला आलेला, उंच, अबोल, कपाळावर एक व्रण असलेला तरुण. तो पुरात पोहत परत येतो, पोथ्या वर नेतो, आणि शेवटचा रुमाल ठेवून पाण्यात नाहीसा होतो. काय त्याचे खांदे! त्याच्यावर मी एक पूर्ण पान खर्च केलं होतं. आणि इकडे चिठ्ठी म्हणत होती, स्वयंपाकघरातली काकू. गोष्ट एका ओळीत संपत होती. पुण्याच्या वाचकाला डोकं भादरलेली बाई नायिका म्हणून चालेल का, असं मी स्वतःला विचारलं. पुण्याच्या वाचकाला मी विचारलंच नाही. उत्तर मीच दिलं.

चिठ्ठी मी माझ्या खोलीतल्या कपाटात, शाळेच्या जुन्या नकाशांखाली ठेवली. तात्पुरती, असं म्हणत.

कादंबरी गाजली. आमच्या मानानं म्हणजे फारच. नागपूरच्या एका बाईंनी नरहरीसाठी रडू आल्याचं कळवलं. मला इतकं चढलं की दुसऱ्या छपाईच्या प्रस्तावनेत मी ठोकून दिलं – ‘ही घटना आमच्याच घरात घडली. नावंही बदललेली नाहीत.’ असं लिहिलं की वाचकाच्या अंगावर काटा येतो, असं प्रकाशक म्हणाले होते. वाचकाच्या अंगावर आला की नाही कोण जाणे, पण एक पोस्टकार्ड आलं.

ते पुण्याच्या बापूसाहेबांचं. बापूसाहेब म्हणजे आमच्या कुळाचे कुलवृत्तांतकार. जलसिंचन खात्यातून निवृत्त झाले आणि सगळं पाणी सांगवीकरांच्या वंशवृक्षाला घालायला लागले. बारीक अक्षरात विचारलं होतं : ‘आपल्या ग्रंथातील कै. नरहरी हे कोणत्या शाखेचे? वडिलांचे नाव कळवावे.’

एका पोस्टकार्डावर उत्तर मावलं असतं. ‘नरहरी काल्पनिक आहे.’ तीन शब्द. पण मग प्रस्तावना खोटी ठरली असती ना? मी लिहिलं – ‘आजोबांचे चुलतबंधू. वडील गणेश. अविवाहित.’ अविवाहित हे मी वंशवृक्षाच्या सोयीसाठी केलं. पुढे फांद्या फुटायला नकोत.

कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती आली. जाडजूड, हिरवी बांधणी. नरहरीला स्वतंत्र चौकोन, ठळक अक्षरांत, खाली ‘ग्रंथरक्षक’. आणि त्याच पानावर, दोन बोटं खाली, आजोबांच्या दुसऱ्या चुलतभावाचा चौकोन – खऱ्याचा. त्याच्याखाली : ‘पत्नीचे नाव उपलब्ध नाही. निर्वंश.’

निर्वंश! त्याची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. मथूआत्या. नावेत बसवून नेलेली ती आठ वर्षांची मथू. आता पासष्टी ओलांडलेली, नवरा गेलेला, तिघी मुली लग्न होऊन दूर. तिची आई तिच्या लग्नाआधी तिला एवढंच सांगून गेली होती – रुमालांत माझ्या लुगड्याचे सात तुकडे आहेत, कुणाला बोलू नकोस. आत्या पन्नास वर्षं बोलली नव्हती. पण ते हिरवं पुस्तक बघितलं आणि जिना चढून माझ्याकडे आली.

“शकू, तू लिखापढीतली बाई. बापूसाहेबांना कळव. माझ्या आईचं नाव यमुना. उपलब्ध नाही म्हणे! मी काय बाजारातून आले?”

“कळवते हो आत्या.”

“आणि रुमाल तिनं नेले हेही कळव. सात रुमाल सोडून बघ, आलवणाचे निघतील. मी सच सांगते.”

मी म्हणाले, “आत्या, जुनं लाल कापड सगळं सारखंच दिसतं. त्यांना लेखी पुरावा लागतो.”

ती बसली होती माझ्या पलंगाशेजारी, पाठ कपाटाला टेकून. त्याच कपाटाला. तिच्या पाठीपासून त्या कागदाचं अंतर किती असेल? दीड हात. मी तिला चहा दिला.

अशी ती चार वेळा आली. दुसऱ्यांदा तिनं आईचं जुनं रेशनकार्ड आणलं; मी म्हणाले नावाचं ठीक आहे, पण पोथ्यांचं त्यात कुठं आहे? तिसऱ्यांदा अण्णाशीच बोलायला निघाली, तर मीच तिला थांबवलं – अण्णाला असलं ऐकवू नका, तो पोथ्या शुद्ध करायला काढेल. हेही खोटं. अण्णानं काय केलं असतं मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. चौथ्यांदा जिना चढताना तिला दम लागला. मधल्या कठड्याशी थांबून तिनं हाक मारली, “शकू, मी खालूनच विचारते गं. काही मिळालं का?” मी वरून सांगितलं, नाही आत्या. वाकून बघितलंसुद्धा नाही मी. “बरं,” म्हणाली, “फुरसत मिळाली की शोध हं.”

दरम्यान माझ्या आणखी कादंबऱ्या निघाल्या. तात्याला मोतीबिंदू झाला. नरहरीची कीर्ती वाढत गेली. पितृपक्षात काशीला येणारे सांगवीकर अण्णाला हिरवं पुस्तक दाखवून म्हणत, ह्यांच्या नावानंही पाणी सोडायचंय. अण्णा सोडवून घ्यायचा. माझ्या डोक्यातून निघालेल्या त्या पोराला वर्षामागून वर्षं तीळ आणि गंगाजल मिळत होतं, आणि मी चुलीशी उभी राहून ते ऐकत होते. अभिमान वाटायचा का? हो, वाटायचा. तेही लिहून टाकते.

मग कुळाचं संमेलन काशीत भरलं. पहिल्यांदाच. डोंबिवली, नाशिक, इंदूर, कुठूनकुठून दीडशे माणसं. प्रत्येकाच्या काखेत हिरवं पुस्तक. बापूसाहेब काठी टेकत स्वतः आलेले. दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर शेवटचा तपासून छापायला द्यायचा होता. आता राहिलं ते कायमचं राहिलं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मार्गशीर्षातली सकाळ. कार्यक्रमपत्रिकेवर पहिला कार्यक्रम : अहिल्याबाई घाटावर कै. नरहरी यांना सामुदायिक तर्पण.

चाळीस पुरुष कुडकुडत पाण्यात उतरले. मी पायरीवर, बायकांच्यात. अण्णानं दर्भ सारखे केले आणि मला हाक मारली.

“शकू, नातं काय सांगू? पितामह म्हणू?”

“म्हण.”

“वडिलांचं नाव गणेश, हे नक्की?”

“पुस्तकात आहे.”

“कुठल्या?”

“माझ्या.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चाळीस ओंजळी थांबल्यात हे आठवून त्यानं मंत्र सुरू केला. चाळीस घशांतून नरहरीचं नाव निघालं आणि पाणी पडलं. माझ्या शेजारी मथूआत्या शाल गुंडाळून बसली होती. पंच्याहत्तर पूर्ण झालेली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “बघ गं. जो जन्मला नाही त्याला ओंजळी. आणि माझी आई…”

पुढचं ती बोलली नाही. आईची मुलगी शोभत होती.

मी उठले. घरी गेले. नकाशे उपसले, कागद काढला, आणि अण्णाच्या पोथ्यांतून सातवा रुमाल उचलला. दुपारच्या सभेत बापूसाहेब नरहरीच्या त्यागावर बोलत होते, तेव्हा सरळ जाऊन ध्वनिक्षेपकाशी उभी राहिले. मी चिठ्ठी वाचली. एकदा. बापूसाहेब म्हणाले, पुन्हा वाचा. पुन्हा वाचली. मग मी रुमाल उलगडून तो काठ दाखवला. अण्णा पहिल्या रांगेत होता. तो उठला, त्यानं ते कापड दोन्ही हातांनी घेतलं, आणि मी ज्याला घाबरवून ठेवत होते तो माझा सोवळा भाऊ ते कापड कपाळाला लावून उभा राहिला.

“आजोबा म्हणतात बदलू नयेत,” तो म्हणाला. “कोण बदलतोय बघू.”

टाळ्या! अहो, काय टाळ्या! असली दाद माझ्या सहाही कादंबऱ्यांना मिळून आली नसेल. लोक उठून मथूआत्याच्या पाया पडायला लागले, रांग लागली. नाशिकचा एक प्राध्यापक, इंदूरच्या दोघी जावा, बापूसाहेब तर काठी टाकून वाकले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली. आत्या प्रत्येकाला विचारत होती, “कोणाचा तू? नाव सांग. आईचं पण सांग.”

मग डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, “पण नरहरींचं काय? त्यांनीही मदत केली असेल ना?”

“कसली मदत?” आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. “मी त्या घरात वाढले. असला कुणी धट्टाकट्टा पुरुष तिथं असता, तर तीन दिवसांची त्याची भांडी आईलाच घासावी लागली असती. तिनं मला सांगितलं असतं!”

सभा हसून लोटपोट झाली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी म्हणाले, नरहरी माझा. कादंबरीतला. चूक झाली. आणि तुम्हांला सांगते, त्यांनी तेही हसण्यावारी नेलं! “मग सकाळी आम्ही कुणाला पाणी दिलं हो?” डोंबिवलीकर ओरडले. अण्णा म्हणाला, “गंगेत दिलेलं वाया जात नाही. कुणाला ना कुणाला पोचतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अहिल्याबाई घाट. कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं. या खेपेला पायरीवर कुणी उरलं नाही, बायकाही पाण्यात. अण्णानं आत्याचा हात धरून तिला गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि पहिली ओंजळ तिची म्हणून सांगितलं. एका बुजुर्गांनी शास्त्र काढलं. अण्णा म्हणाला, “शास्त्र मी बघतो, तुम्ही पाय सांभाळा, शेवाळ आहे.” मग त्यानं गोत्र घेतलं, आणि यमुनेचं नाव. ज्या बाईचं नाव उपलब्ध नव्हतं तिचं नाव दीडशे माणसं एका आवाजात म्हणत होती. नावाडी वल्हं धरून थांबले. पलीकडच्या घाटावरची माणसं वळून बघायला लागली. आत्या रडत नव्हती. ती ओंजळ भरत होती, सोडत होती, परत भरत होती. अण्णा तीन म्हणाला होता. तिनं मोजल्या नाहीत.

दुसरी आवृत्ती आली ती निळ्या बांधणीत. नरहरीचा चौकोन गेला. यमुनाबाईंना पूर्ण पान, चिठ्ठीचं छायाचित्र, आणि ‘निर्वंश’ खोडून : ‘कन्या मथुरा’. आत्या ते पुस्तक उशाशी ठेवायची आणि दूधवाल्याला, औषधवाल्याला, कुणालाही ते पान काढून दाखवायची. मराठी न येणाऱ्यालाही. दोन हिवाळे तिनं तसे काढले. मग गेली.

ही जीत खरी आहे. त्यातलं काही मी फुगवलेलं नाही.

पण त्या सभेत, टाळ्या थांबल्यावर, बापूसाहेबांनी विचारलं होतं की एवढा मोलाचा कागद मिळाला कसा. आणि मी म्हणाले होते, रुमाल झटकताना अवचित हाती लागला. ‘अविश्रांत संशोधनाबद्दल’ मला शाल आणि नारळ दिला. नारळ फोडला. शाल मी वापरते, ऊब चांगली आहे. लोकांना वाटतं माझा गुन्हा नरहरी. त्याची थट्टा अजून चालते आणि मी पहिली हसते.

शाल घेऊन मी खाली उतरले तेव्हा आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. “शकू, तू नसतीस तर आईचं नाव बुडालं असतं.” मग तिनं विचारलं – संशयानं नाही, आनंदात माणूस सगळं पुन्हापुन्हा ऐकू पाहतं, तसं – “केव्हा सापडला गं?”

कागद मला सापडला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. जिना एका दमात चढायची.

मी म्हणाले, परवा.